एका ध्वनिमुद्रिकेची पाठशुद्धी

जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती हाती आली की मराठीचा विद्यार्थी प्रथम दोन गोष्टी पाहतो. संपादकाने मूळ संहितेला हात कोठे लावला आहे, आणि लावला असल्यास कोणत्या अधिकाराने? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपल्याकडील पाठशुद्धीचे सर्वांत वंदनीय उदाहरण होय. नकला करणाऱ्यांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले. पण आपली ओवी त्यात मिसळली नाही आणि पुढे कोणी मिसळू नये असेही बजावून ठेवले. ही कसोटी पोथ्यांपुरतीच आहे असा माझा बरीच वर्षे समज होता. एका इंग्रजी ध्वनिमुद्रिकेच्या नव्या आवृत्तीने तो दूर केला. त्या आवृत्तीविषयी येथे लिहावयाचे आहे.

ध्वनिमुद्रिका आहे ‘जेथ्रो टल’ या ब्रिटिश वाद्यवृंदाची ‘ॲक्वालंग’. १९७१ च्या मार्चमध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. तिला चाळीस वर्षे पूर्ण झाली म्हणून २०११ मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने मूळ फितींवरून तिचे मिश्रण नव्याने केले. त्या वेळी एलपी, सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि ग्रंथ असा सगळा ऐवज असलेली एक मोठी पेटीही निघाली. पुढे २०१६ मध्ये हेच मिश्रण पुस्तकाच्या आकारात, दोन सीडी व दोन डीव्हीडींसह, पुन्हा प्रकाशित झाले. परदेशी स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने ही पुस्तकाकार आवृत्ती मला आणून दिली. सरांना पुस्तक आवडते एवढे त्याच्या लक्षात होते. आत तबकड्या आहेत हे त्याने हसत हसत नंतर सांगितले.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हा विषय काहीसा परका वाटेल. म्हणून थोडी ओळख करून देतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही तरुण वादकांना तीन मिनिटांच्या नाचगाण्याचा कंटाळा आला. त्यांनी पाश्चात्य अभिजात संगीत, लोकगीते, जॅझ यांतून हवे ते घेतले, लयीचे नवे प्रयोग केले, आणि सुटे गाणे नव्हे तर संपूर्ण तबकडी हा रचनेचा घटक मानला. भावगीताकडून खंडकाव्याकडे जावे, तसा हा प्रवास होता. यालाच पुढे ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव मिळाले. ‘ॲक्वालंग’ या प्रवासाच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिच्यात अकरा स्वतंत्र गाणी आहेत; पण पहिल्या बाजूला ‘ॲक्वालंग’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माय गॉड’ अशी शीर्षके दिलेली आहेत. त्यामुळे समीक्षकांनी तिला एकाच कल्पनेवर रचलेली कृती ठरवले. वाद्यवृंदाचा नायक, गायक, कवी आणि बासरीवादक इयान अँडरसन याने ते कधीच मान्य केले नाही. उलट पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, दोन्ही बाजू व्यापणारे एकच एक गाणे ‘थिक ॲज अ ब्रिक’ या नावाने रचून त्याने या हौसेची थट्टा केली.

वाद्यवृंदाच्या नावाचीही एक गंमत आहे. जेथ्रो टल हा अठराव्या शतकातील इंग्रज शेतीतज्ज्ञ. घोड्याने ओढायच्या पेरणीयंत्राचा शोधक म्हणून तो तिकडच्या शालेय इतिहासात आहे. ज्यांच्या घरी पाभर आणि तिफण पिढ्यान्‌पिढ्या आहे त्या आपल्या शेतकऱ्यांना या शोधाचे फारसे अप्रूप वाटणार नाही. कार्यक्रम ठरवणाऱ्या कचेरीतील कोणा इतिहासप्रेमी माणसाने हे नाव सुचवले आणि ते टिकले.

मी ही गाणी प्रथम ऐकली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस, महाविद्यालयाच्या वसतिगृहात. पणजीकडच्या एका मित्राजवळ एक कॅसेट होती. ती कोणाच्या तरी कॅसेटवरून केलेली, आणि ती आणखी कोणाच्या तरी एलपीवरून. त्यावरून मी माझी प्रत करून घेतली. तीत बासरी ओळखू येई, गिटार गुरगुरत राही, आणि गाणारा माणूस घोंगडी पांघरून बोलल्यासारखा वाटे. शब्द अर्धेमुर्धे कळत. सगळा दोष मी कॅसेटला दिला. पुढे नोकरी लागल्यावर सीडी घेतली, तेव्हा खरखर गेली. पण घोंगडी काही गेली नाही. मग मी दोष माझ्या यंत्राला दिला, आणि त्यानंतर माझ्या इंग्रजीला.

खरी गोष्ट अशी की हा दोष पहिल्यापासून मूळ प्रतीतच होता. १९७० च्या डिसेंबरपासून १९७१ च्या फेब्रुवारीपर्यंत लंडनमध्ये बेसिंग स्ट्रीटवरील नव्या स्टुडिओत या गाण्यांचे मुद्रण झाले. ही इमारत पूर्वी चर्च होती. तेथील मोठ्या दालनात ‘जेथ्रो टल’चे काम चाले, आणि त्याच काळात लहान दालनात ‘लेड झेपेलिन’ आपल्या चौथ्या तबकडीचे काम करीत होते. मोठे दालन थंड, पोकळ, आवाजाला दाद न देणारे होते. स्टुडिओ नवा असल्याने यंत्रणाही पुरती बसलेली नव्हती. अँडरसनने या मुद्रणाविषयीची आपली नाराजी पुढे अनेकदा बोलून दाखवली. तरीही गाणी अशी होती की तबकडी इंग्लंडमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत चढली. श्रोत्यांनी घोंगडीसकट तिच्यावर प्रेम केले.

येथे ‘रीमिक्स’ या शब्दाविषयी खुलासा करणे अगत्याचे आहे. कारण आपल्याकडे तो शब्द बदनाम झाला आहे. जुन्या चित्रपटगीताला ढोलाचे ठोके जोडून लग्नाच्या मंडपात वाजवतात, तो प्रकार येथे अभिप्रेत नाही. मुद्रणाच्या वेळी प्रत्येक वाद्य आणि आवाज रुंद फितीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत नोंदवलेला असतो. मग कोण किती मोठे, कोण डावीकडे, कोण उजवीकडे हे ठरवून त्या सगळ्यांचे दोन पट्ट्यांत मिश्रण होते आणि तीच प्रत तबकडीवर उतरते. ही तयार प्रत झाडूनपुसून पुन्हा काढली तर ते ‘रीमास्टर’. मूळ पट्ट्यांपर्यंत परत जाऊन मिश्रणच नव्याने केले तर ते ‘रीमिक्स’. पहिले पुस्तकाचे पुनर्मुद्रण आहे. दुसरे हस्तलिखितावरून केलेली नवी प्रत आहे. साहजिकच दुसऱ्यात जबाबदारी मोठी आणि मोहही मोठा.

विल्सनचा जन्म १९६७ चा, म्हणजे तबकडी निघाली तेव्हा तो तीन-चार वर्षांचा होता. स्वतः तो ‘पॉर्क्युपाइन ट्री’ या वाद्यवृंदाचा प्रमुख. त्याची रीत अशी की जुने मिश्रण शेजारी ठेवायचे, त्यातील प्रत्येक निर्णय समजून घ्यायचा, आणि तो निर्णय कायम ठेवून फक्त आवाजाची स्वच्छता साधायची. या पद्धतीचे फळ पहिल्याच गाण्यात दिसते.

‘ॲक्वालंग’ हे गाणे लंडनच्या रस्त्यावरील एका बेघर म्हाताऱ्याविषयी आहे. ॲक्वालंग हे पाणबुड्याच्या श्वसनयंत्राचे नाव; म्हाताऱ्याच्या छातीतील घरघर त्या यंत्रासारखी, म्हणून त्याला ते मिळाले. अँडरसनची त्या वेळची पत्नी जेनी फ्रँक्स हिने थेम्सकाठच्या बेघर माणसांची छायाचित्रे घेतली होती आणि त्यांवर काही ओळी लिहिल्या होत्या. त्यांतून हे गीत आकाराला आले, आणि गीतलेखनाच्या श्रेयात तिचे नाव आहे. बासरीसाठी गाजलेल्या या वाद्यवृंदाच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्यात बासरी मुळीच नाही, ही नवख्या श्रोत्याला सहसा जाणवत नाही अशी गोष्ट. गाणे सुरू होते ते गिटारच्या सहा सुरांनी. दारावर कोणी लाथ मारावी तसे ते सूर आहेत. या सुरांवर म्हाताऱ्याचे जे वर्णन येते ते किळस आणणारे आहे: मळका, नाक गळणारा, बाकावर बसून लहान मुलींकडे वाईट नजरेने पाहणारा. मग अचानक सगळे थांबते. साध्या गिटारवर तोच आवाज, पण दूरध्वनीतून आल्यासारखा बारीक होऊन, त्याच म्हाताऱ्याशी बोलू लागतो. आता त्याची थंडी, त्याचे दुखणारे पाय, त्याचा एकटेपणा दिसतो. पुढे लय वाढते, मार्टिन बारेचे गिटारवादन येते, आणि शेवटी पुन्हा तेच सहा सूर. बेघर माणसाकडे पाहताना आपल्या मनात किळस, दया आणि अपराधीपणा ज्या क्रमाने येतात आणि ज्या क्रमाने आपण पुन्हा पहिल्या जागी जातो, तो क्रमच या रचनेचा आकार आहे. हे गाणे म्हाताऱ्यापेक्षा पाहणाऱ्याविषयी अधिक आहे.

आता पाहा. त्या मधल्या भागातील बारीक, चिरका आवाज हा मुद्रणाचा दोष नाही. तो मुद्दाम केलेला आहे. अडाणी संपादकाने तोही ‘स्वच्छ’ केला असता. विल्सनने तो तसाच ठेवला आहे. मात्र त्या आवाजामागचा पियानो आणि साधी गिटार यांच्यावरचा राप पुसला आहे. त्यामुळे आवाजाचा चिरकेपणा अधिक उठून दिसतो आणि तो हेतुपुरस्सर आहे हे प्रथमच स्पष्ट कळते. प्राचीन रूप कोणते आणि लेखनिकाची चूक कोणती, हे ओळखणे हीच पाठशुद्धीची परीक्षा. ज्ञानेश्वरीतील जुने क्रियापद आजच्या व्याकरणाने सुधारणारा माणूस अपपाठ करणाऱ्या नकलकारापेक्षा अधिक नुकसान करतो.

काही जुन्या श्रोत्यांचा आक्षेप आहे की मूळ तबकडीचा धुरकटपणाच रस्त्यावरच्या म्हाताऱ्याला शोभत होता, आता त्याला आंघोळ घातल्यासारखे वाटते. आक्षेप चतुर आहे, पण मला तो मान्य नाही. एक तर तो धुरकटपणा फक्त म्हाताऱ्याच्या गाण्यावर नव्हता. रुग्णालयातील वडिलांना भेटून परतणाऱ्या मुलाचे ‘चीप डे रिटर्न’ हे सव्वा मिनिटाचे गाणे आणि ‘वंडरिंग अलाउड’ हे सकाळच्या न्याहारीच्या वासाचे प्रेमगीत यांच्यावरही तो तितकाच पसरला होता. त्या दोन छोट्या गाण्यांतील डी पामर (त्या वेळी डेव्हिड पामर) यांच्या तंतुवाद्यांच्या योजनेवर त्याने अन्याय केला होता. नव्या प्रतीत ती वाद्ये गायकाच्या पाठीशी उभी राहतात, त्याच्या अंगावर पडत नाहीत. ‘मदर गूस’मधील रेकॉर्डर ही लाकडी बासरीची जोडी, ‘क्रॉस-आइड मेरी’च्या आरंभीचे मेलोट्रॉन, ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’च्या आधीचा जॉन इव्हानचा दीर्घ पियानो: प्रत्येकाला आपापली जागा मिळाली आहे. आणि जुन्या एलपी काही कोणी जाळल्या नाहीत. ज्याला धूर हवा त्याला तो मिळेल.

दुसरी तबकडी परिशिष्टाची आहे. १९७० व १९७१ मधील वगळलेली गाणी आणि आधीचे खर्डे तीत एकत्र केले आहेत. यांपैकी ‘वंडरिंग अलाउड, अगेन’ हा खर्डा अभ्यासकाने जरूर ऐकावा. मूळ तबकडीतील दोन मिनिटांहूनही लहान प्रेमगीत हे खरे तर सुमारे सात मिनिटांच्या एका गाण्याचा पूर्वार्ध होते. उत्तरार्धात वाढत्या गर्दीने गुदमरलेल्या जगाचे काळेकुट्ट चित्र आहे. अँडरसनने उत्तरार्ध कापला. म्हाताऱ्याच्या आणि मेरीच्या काळोखात दोन माणसांची एक सुखाची सकाळ त्याने जपून ठेवली. खर्डा ऐकल्याशिवाय या कापण्याची किंमत कळत नाही. १९९६ च्या जुन्या आवृत्तीत जादा गाणी मुख्य तबकडीच्याच शेपटाला जोडली होती. त्यामुळे शेवटचे गाणे संपून शांतता यावी तेथे भलतेच काही सुरू होई. येथे परिशिष्ट वेगळ्या तबकडीवर आहे. क्षेपक संहितेत मिसळू नये, हा दंडक पाळला गेला आहे.

आता या आवृत्तीतील खटकणारी गोष्ट. ती संगीतात नाही, पेटीत आहे. मुखपृष्ठावरचा म्हातारा बर्टन सिल्व्हरमन या अमेरिकन चित्रकाराने जलरंगात रंगवला आहे. फाटक्या कोटातला, विस्कटलेल्या दाढीचा, डोळ्यांत अविश्वास असलेला. मागच्या बाजूला तो फुटपाथच्या कडेला कुत्र्यासोबत बसलेला आहे. चाळीस वर्षे हा म्हातारा सदऱ्यांवर, भिंतीवरच्या कागदांवर, आणि आता गुळगुळीत कागदाच्या जाड आवृत्त्यांवर छापला जात आहे. गीतलेखनातला वाटा जेनी फ्रँक्सला मिळाला, ही चांगली गोष्ट. चित्रकाराला मात्र तीन चित्रांचा एकरकमी मोबदला मिळाला होता आणि लेखी करार नव्हता. थेम्सकाठच्या ज्या माणसांची छायाचित्रे घेतली गेली त्यांचे तर नावही कोठे नाही. त्यांच्यापैकी कोणी हे गाणे ऐकले असेल का, असा प्रश्न मनात येतो. ज्याच्यापाशी रात्री पाठ टेकायला जागा नाही त्याचे चित्र दिवाणखान्यातील मांडणीवर उभे करून ठेवण्यासाठी आपण महागडी पेटी घ्यावी, यात काही तरी विसंगत आहे. गाण्याने आपल्याला ज्या पाहण्याबद्दल ओशाळे केले, तेच पाहणे पेटी आपल्याला विकत देते. यात विल्सनचा दोष नाही आणि कदाचित कोणा एकाचाच नाही. पण समीक्षकाने तो नोंदवला नाही, तर त्याने गाणे नीट ऐकले नाही असे होईल.

दुसऱ्या बाजूचा विषय धर्मसंस्था. ‘माय गॉड’मध्ये साध्या गिटारवर सुरू झालेली तक्रार मध्यावर येते तेव्हा एकावर एक चढवलेल्या मानवी आवाजांचा, चर्चमधल्यासारखा घोष उठतो आणि त्यावर अँडरसनची बासरी फुत्कारते. एकेकाळच्या चर्चच्या वास्तूत हे मुद्रण झाले, ही आठवण ठेवून ऐकले तर या भागाला वेगळीच धार येते. नव्या मिश्रणात तो घोष खोलवर, छताखाली गेल्यासारखा वाटतो. गाण्याचा रोख ईश्वरावर नाही. ईश्वराला आपल्या सोयीच्या आकारात बसवणाऱ्यांवर आहे. आपल्या संतांच्या वाचकाला हे ऐकून धक्का बसण्याचे कारण नाही.

आणि मग येते शेवटचे गाणे, ‘वाइंड अप’. याच गाण्यासाठी मी हा लेख लिहावयास घेतला, हे आता कबूल करतो.

शाळेत धर्म शिकवला गेलेला एक मुलगा मोठा होऊन जाब विचारतो. रविवारी किल्ली द्यावी आणि आठवडाभर चालवावे, असा देव त्याला नको आहे. हा आशय मला कॉलेजात असताना ढोबळ कळत होता, आणि तो मला फार आवडे. कारण तेव्हा मी जाब विचारणाऱ्यांच्या बाजूला होतो. नव्या प्रतीत अँडरसनचा आवाज इतका जवळ आला आहे की ओठांची हालचाल कळावी. त्यात, एका रविवारी दुपारी, एक शब्द मला प्रथमच स्वच्छ ऐकू आला. हा मुलगा आपले म्हणणे ज्याला ऐकवतो आहे तो त्याचा जुना मुख्याध्यापक आहे.

मी तबकडी थांबवली. तीस वर्षे हा शब्द तेथेच होता. घोंगडीमागे असेल, किंवा मला तो ऐकण्याचे कारण नव्हते म्हणूनही असेल; कारण वसतिगृहातल्या मुलाला मुख्याध्यापक म्हणजे दुसरा कोणी तरी असतो. आता तो मी आहे. अँडरसन, इव्हान आणि बास वाजवणारा जेफ्री हॅमंड हे तिघे ब्लॅकपूलच्या एकाच शाळेत शिकले. तेथील प्रार्थनेच्या रांगेत ते उभे असतील, समोर कोणी तरी बोलत असेल, आणि त्यांच्यापैकी एक मनात हे सगळे साठवत असेल. माझ्या शाळेतही रोज सकाळी प्रार्थना होते. नंतर मी पाच-सात मिनिटे बोलतो. शिस्त, श्रद्धा, आईवडील. विषय ठरलेले आहेत, आणि मला ते पाठ आहेत. किल्ली दिल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मी बोललो नाही, असे लिहिले तर ते छान वाटेल. पण ते खरे नाही. मी बोललो. मात्र बोलताना शेवटच्या रांगेत चुळबुळ करणाऱ्या मुलांकडे पाहत होतो आणि यांतला कोण मला तीस वर्षांनी काय ऐकवील याचा विचार मनात येत होता. भाषण नेहमीपेक्षा लवकर संपले. शिक्षकांना वाटले, सरांना बरे नाही.

पाठशुद्धी कशासाठी करावयाची, याचे उत्तर मला या अनुभवातून मिळाले. शुद्ध प्रत कानाला गोड लागते, हा तिचा दुय्यम गुण. मूळ माणसाने जे म्हटले होते ते ज्याला उद्देशून म्हटले होते त्याच्यापर्यंत पोचवणे, हे तिचे खरे काम. नाथांच्या प्रतीविषयी आम्ही वर्गात हे वाक्य शिकवीत आलो. त्याचा अर्थ असा अचानक अंगावर येईल असे वाटले नव्हते.

ज्या रसिकांना ही आवृत्ती घ्यावयाची असेल त्यांनी मोठ्या पेटीच्या मागे लागू नये. माझ्याकडे साधे दोन स्पीकरचे यंत्र आहे. सभोवार आवाज देणारी डीव्हीडी मी ऐकू शकलो नाही आणि तिच्याविषयी काही म्हणत नाही. विल्सनच्या मिश्रणाची मुख्य तबकडी आणि परिशिष्टाची दुसरी एवढ्यावर भागते. पहिली तबकडी एका बैठकीत, मध्ये न उठता ऐकावी. दुसरी दुसऱ्या दिवशी. ‘वाइंड अप’ शेवटी सुरुवातीच्या हळू चालीवर परत येते आणि संपते. त्यानंतर थोडा वेळ काही लावू नये.